बॉनेटची आतली बाजू

१२ जुलै. सकाळी साडेसात.
मेहुण्याचा, म्हणजे हाजी सफवतचा, कुवेतहून फोन. उचलला मी, पण त्याला बहिणीशी, म्हणजे माझ्या बायकोशी, इहसानशीच बोलायचं होतं. शेजारी बसून पेपर वाचला आणि सगळं ऐकलं. मन्सूराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस आहे मी. पलीकडचा नुसता श्वास ऐकून सांगतो, बातमी चांगली की वाईट.
ही मधलीच होती. सासऱ्यांची पुजो गाडी, १९७९ ची, कागदोपत्री अजून भाऊ-बहीण दोघांच्या नावावर आहे. सफवत १४ ऑगस्टला सुट्टीवर येतोय. गाडी बघणार. वडिलांनी ठेवली होती तशीच असेल, तर आपला वाटा इहसानच्या नावावर करून देणार. नसेल, तर ट्रकवर चढवून कैरोबाहेरच्या नव्या बंगल्यात नेणार.
फोन ठेवून इहसान म्हणाली, ऐकलंत ना हनानचे बाबा? आता महिनाभर तिला हात लावू नका.
अकरा वर्षं गाडी मी चालवतोय. सकाळी तिच्यात बसल्याशिवाय मला निवृत्त झाल्यासारखं वाटतं. आणि म्हणे हात लावू नका.

१२ जुलै. दुपार.
बॉनेट उघडून आतली बाजू नीट बघितली. हादरलो. कंपनीने चिकटवलेला आवाज आणि उष्णता अडवणारा थर शिळ्या केकसारखा झालाय. बोट लावलं की काळा चुरा थेट इंजिनावर. अर्धा थर गल्लीतल्या मांजरीने बाळंतपणासाठी नेलाय. जिथला गेला तिथे गंजाचे नकाशे.
सफवत हे बघणार? सासऱ्यांच्या गाडीचं हे पोट?
निर्णय: जुना थर खरवडणे, गंज काढणे, आतून रंग, वर नवा थर. तीन दिवसांचं काम. चार धरू. सफवत बॉनेट उघडेल आणि म्हणेल, फिक्री, वडिलांनासुद्धा हे जमलं नव्हतं.

१३ जुलै.
मेकॅनिक उस्ता शहाताच्या गॅरेजात गेलो. फक्त कळवायला, सल्ला घ्यायला नाही. तो एका ट्रकखाली होता. तिथूनच म्हणाला, इंजिनियरसाहेब, रंगाचं नाव काढू नका. ही गाडी फॅब्रिका आहे.
(मी इंजिनियर नाही. पण शहाता माणसं ओळखतो.)
फॅब्रिका म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, त्यावर दुसऱ्या कुणाचा ब्रश फिरलेला नाही. या देशात मुलगी बघायला जाणारे एवढी चौकशी करत नाहीत, जेवढी गाडी बघणारे या एका शब्दाची करतात. शहाता म्हणाला, बाहेरून फॅब्रिका, आतून फॅब्रिका. तयार थर मिळतो, चंदेरी कागदाचा. आणा, क्लिपा लावा, विषय संपला. ब्रश लागला की लोक बोलतात.
त्याला समजावलं की फॅब्रिका ही बाहेरची गोष्ट. आत काय, आत तर माणसंसुद्धा फॅब्रिका नसतात. यावर ट्रकखालून नुसतं हुंकारल्यासारखं ऐकू आलं. पटलं असणार. किंवा ट्रकचं तेल तोंडावर आलं असेल, आवाज तसा आला.

१५ जुलै.
खरवडणे सुरू. काळी भुकटी नाकात, कानात, मोज्यांत. इहसानने दार उघडलं नाही. दाराआडून म्हणाली, आधी गच्चीवर जा, पाइपने अंग धुवा, मग कोण आहात ते सांगा.
खाली शेजारचा बर्सूम नेहमीसारखा गल्लीत खुर्ची टाकून चहा पीत होता. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता, त्यामुळे चार चाकांच्या कुठल्याही वस्तूला तो गंभीरपणे घेत नाही. म्हणाला, फिक्री, मी अडतीस वर्षं इंजिन चालवलं, पण कधी असा दिसलो नाही. आणि आमच्यात तर कोळसा होता.
निम्मं काम झालं. म्हणजे निम्म्याचं निम्मं.

१८ जुलै.
रॉकेल, तारेचा ब्रश, पुन्हा रॉकेल. एका ठिकाणी गंजाची खपली सुटेना, म्हणून आतून हातोडीने हलकेच ठोकलं. बाहेरच्या बाजूला टेंगूळ आलं. ते बाहेरून ठोकलं. आत टेंगूळ आलं. मग परत आतून. साधारण वीस मिनिटांनी पत्रा थकला आणि जवळजवळ सपाट झाला.
आत उरलेल्या खड्ड्यात पुट्टी भरली. बाहेर रंगाला केसाएवढी चीर गेली आहे. तिच्यावर निळ्या हाताचं, ‘माशाअल्लाह’ लिहिलेलं स्टिकर लावलं. इहसान म्हणाली, बाबांनी कधी स्टिकर लावलं नव्हतं. म्हटलं, म्हणूनच नजर लागली.

२१ जुलै.
कामाला सुट्टी. खांदा धरलाय. तत्त्वतः विश्रांती हाही कामाचा भाग आहे.

२२ जुलै.
रंग आणला. दुकानदार म्हणाला, नंबर सांगा किंवा पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून आणा, त्याच्याशी जुळवतो. म्हटलं, अकरा वर्षं रोज बघतोय, रंग माझ्या डोळ्यांत आहे. त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. मग हस्तिदंतीत पिवळा घातला, मी थांब म्हणेपर्यंत. थांब म्हणायला किंचित उशीर झाला असेल, कारण तेवढ्यात बाहेर एक जण दुसऱ्याला कुणाच्या तरी घटस्फोटाचं सांगत होता आणि माझे कान तिकडे होते.
डब्यात तरी रंग हुबेहूब आहे.

२३ जुलै. गुरुवार.
भाड्याचा कॉम्प्रेसर आणला. इंजिनावर वर्तमानपत्रं अंथरली, नाकाला इहसानची ओढणी बांधली. हात असा फिरला की बर्सूमसुद्धा खुर्ची जवळ घेऊन बसला. शेवटचा हात मारला आणि वरून धूळ. धूळ नाही, ढग. तिसऱ्या मजल्यावरच्या इक्रामबाई बाल्कनीत गालिचे झोडपत होत्या.
ओरडून सांगितलं, बाई, खाली ओला रंग आहे! त्या म्हणाल्या, आणि वर गुरुवार आहे! या गल्लीत गालिचे कधी झटकतात ते चाळीस वर्षांत कळलं नाही तुला? मी विनंती केली. त्यांनी दुसरा गालिचा काढला. मोठा. दिवाणखान्यातला.

२४ जुलै.
रंग वाळला. वाळल्यावर तो हस्तिदंती न राहता मसुराच्या सूपाचा झाला आहे. वर गालिच्याची लोकर बसल्यामुळे हात फिरवला की मखमलीसारखं लागतं. शांतपणे विचार केला तर फायदाच आहे. लोकर उष्णता अडवते. अर्धं इन्सुलेशन फुकटात झालं.
इहसानने बघितलं आणि काहीच बोलली नाही. तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, लाइन कट झालेली नव्हती. तिने ती धरून ठेवली होती.

२७ जुलै.
आता थर. शहाताचा तो चंदेरी कागद मला पटत नाही. परदेशी प्लास्टिक. आपण कापसाच्या देशात राहतो, आणि गाडीला प्लास्टिक पांघरायचं?
अतवा पिंजाऱ्याकडे गेलो. मन्सूरात अजून हाताने कापूस पिंजणारा हा एकच उरला आहे, बाकी सगळे स्पंजच्या गाद्या विकतात. म्हटलं, एक पातळ रजई हवी, लांबी-रुंदी अशी, चारी कोपरे तिरके. त्याने मुकाट्याने माप लिहिलं. मग विचारलं, मुलीचं नाव? म्हटलं, पुजो. म्हणाला, अल्ला सुखात ठेवो.

१ ऑगस्ट.
रजई आली. गुलाबी सॅटिन. मधोमध टाक्यांचं मोठं फूल, दोन्ही बाजूंना कबुतरं. मी विचारलं, हे काय? अतवा दुखावला. म्हणाला, माझ्या आजोबांपासून आमच्या दुकानातून नवरीची रजई साध्या कापडात गेलेली नाही, तुमच्यासाठी नाव घालवू? वर म्हणाला, कबुतरांची तोंडं समोरासमोर ठेवा, पाठीला पाठ लागली तर भांडणं होतात.
बर्सूमने गल्लीत उलगडून सगळ्यांना दाखवली. इक्रामबाईंनी वरून तोंडावर हात ठेवून लग्नातला लांबलचक हेल काढला. दोन खिडक्यांतून आणखी दोघींनी साथ दिली, त्यांना तर काय चाललंय ते माहीतही नव्हतं.
आत कोण बघतंय म्हणा. कापूस कापूस असतो.

३ ऑगस्ट.
चपलांच्या कारागिराकडून सोल चिकटवायचा गोंद आणला. सबंध डबा ओतून रजई चिकटवली, झाडूच्या दांड्याने टेकू दिला. कबुतरं समोरासमोर.
बॉनेट लागेना. मी वर बसलो. तरी लागेना. बर्सूमला बोलावलं. तो म्हणाला, माझं वजन रेल्वेने सांभाळलं, ही काय सांभाळणार. पण बसला. लागलं.

५ ऑगस्ट. सकाळी अकरा.
चाचणी. नदीकाठच्या रस्त्यावर घेतली. अहाहा! काय ती शांतता! इंजिनाचा आवाजच नाही. चालू आहे की बंद, कळेना. बंद होतं. पुन्हा सुरू केलं.

५ ऑगस्ट. दुपारी दोन.
गोंद उन्हात आणि इंजिनाच्या धगीत वितळला असावा. रजई इंजिनावर पडली. त्यानंतर बॉनेटच्या फटीतून धूर. मी गाडी कडेला घेतली आणि प्रसंगावधान राखून मदतीसाठी ओरडलो. उसाच्या रसवाल्याने दोन मोठे जग रस आत ओतला. आग विझली. खरं तर ती आग नव्हती, कापसाचं धुमसणं होतं. पण लोक जमले. एका बाईने आतली जळकी गुलाबी कबुतरं बघून छातीवर हात मारला आणि विचारलं, नवरी वाचली का?
शहाताने दोरी बांधून ओढत घरी आणली. सोडताना फक्त म्हणाला, साहेब, आता मुंग्या लागतील.

६ ऑगस्ट.
लागल्या.

८ ऑगस्ट.
रजई ओढून काढली. रजईबरोबर गोंद निघाला, गोंदाबरोबर रंग, तोही चट्ट्याचट्ट्याने. आता आतल्या बाजूला कुठे मूळचा हस्तिदंती, कुठे मसुराचं सूप, मध्ये जळकं काळं आणि कोपऱ्यात पुट्टीचा राखाडी. लांबून बघितलं तर जगाचा नकाशा. आफ्रिका विशेष चांगली आलीय.
म्हटलं, सहा दिवस आहेत, पुन्हा एक हात मारतो. इहसानने ब्रश, डबा, हातोडी आणि तारेचा ब्रश उचलून शेजारणीच्या घरी ठेवून दिले. म्हणाली, माझ्या बाबांची एवढीच वस्तू राहिलीय या घरात. ती गेली तर मी तुम्हाला बोलणार नाही. पण त्यानंतर तुमच्याशी कधीच बोलणार नाही.
आवाज चढवून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१० ऑगस्ट.
नवी योजना, साधी आणि पक्की. बॉनेट उघडायचंच नाही. सफवतला सांगायचं, खटका अडकलाय. बाहेरून चमकवलेली गाडी, मग भरलेलं बदक, मुलुखियाचं सार, चहा, कलिंगड. माणूस जेवला की बॉनेट विसरतो.
दिवसभर पॉलिश. बाहेरून गाडी इतकी देखणी दिसतेय की मला क्षणभर वाटलं, आपण उगाच घाबरतोय.

१४ ऑगस्ट. शुक्रवार. दुपारी साडेतीन.
सफवत आला. टॅक्सीतून उतरला, बहिणीला मिठी मारायच्या आधी गाडीकडे गेला आणि बॉनेटच्या पत्र्यावर हात ठेवून सासऱ्यांच्या नावाने दुवा म्हटली. मी म्हटलं, हाजीसाहेब, खटका अडकलाय. तो हो म्हणाला आणि आत हात घालून खटका ओढला. त्याच गाडीवर तो ड्रायव्हिंग शिकला होता. हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.
बॉनेट वर गेलं. तो बघत राहिला. कुवेतहून माणसं सोनं आणतात, त्याने खिशातून लोहचुंबक काढलं. एका जागी लावलं, चिकटलं. दुसऱ्या जागी, चिकटलं. पुट्टीवर लावलं. पडलं. उचललं, पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. मग त्याने बाहेरून बरोबर तिथलं स्टिकर नखाने उचकटलं.
माझ्याकडे वळला. माझी शिव्या खायची तयारी होती. पण त्याने आवाज एकदम खाली आणला आणि विचारलं, फिक्री, कुणी मेलं का?

१४ ऑगस्ट. संध्याकाळ.
गाडी कुठेच धडकली नाही, हे कुणालाच पटवता येत नाहीये. सफवत म्हणतो, धडक झाल्याशिवाय बॉनेट आतून कोण रंगवतं? इहसान म्हणाली, दादा, शपथेवर सांगते, यांनी नुसतंच रंगवलं. तो म्हणाला, का? तिने माझ्याकडे बोट केलं.
मी पाऊण तास बोललो. उष्णतेचं वहन, आवाजाच्या लहरी, आपल्या कापसाचा लांब धागा. तो मान हलवत ऐकत होता, जशी आपण इस्पितळात हलवतो. शेवटी म्हणाला, ठीक आहे, सांगायचं नसेल तर नको सांगूस. उद्या ट्रक बोलावतो. गाडी माझी असो की नसो, खोटं बोलणाऱ्याच्या दारात बाबांची वस्तू ठेवणार नाही.
आयुष्यात पहिल्यांदा संपूर्ण खरं बोललो, त्याचं हे फळ.
बदकाला कुणी हात लावला नाही.

१५ ऑगस्ट. सकाळी आठ.
बर्सूमशी गल्लीत बोललो. म्हणाला, फिक्री, तुझं चुकतंय. माणूस धडक माफ करतो. धडक कुणालाही होते, ती वरून लिहिलेली असते. पण चांगली गाडी घरी बसून स्वतःच्या हाताने अशी केली, हे कोण माफ करेल? आणि कशाला? जा, कुठेतरी धडकून ये. तोंडाने.

१५ ऑगस्ट. दुपार.
कबूल केलं. सफवतसमोर बसलो आणि म्हटलं, हाजीसाहेब, तल्खाच्या पुलाजवळ. कलिंगडांची गाढवगाडी.
तो म्हणाला, शेवटी बोललास! कधी? म्हटलं, मागच्या उन्हाळ्यात. गाढव? म्हटलं, वाचलं, पण एक कान गेला. गाडीवाला? म्हातारा, सहा मुली. मीच त्याला दवाखान्यात नेलं. माझी तब्येत ठीक नव्हती, रात्री झोप लागत नव्हती, तरी रोज डबा घेऊन जात होतो. म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. बोलता बोलता मीच रुमाल काढला. इतकं खरं मी आयुष्यात बोललो नव्हतो.
बर्सूमने साक्ष दिली की दोरी घेऊन तोच आला होता. तेवढ्यात वरून इक्रामबाई म्हणाल्या, आणि बॉनेटवरचं कलिंगड मी स्वतः बघितलं की! (यांना कुणी सांगितलं? बाल्कनीतून सगळं ऐकू येतं. एक्स्चेंजमध्ये असत्या तर प्रमोशन मिळालं असतं.)
सफवतने मला उठवून मिठी मारली. रडला. म्हणाला, पत्रा काय, पत्रा पुन्हा येतो. तू वाचलास. मग बदक मागवलं.

१६ ऑगस्ट.
नोंदणी कचेरीत जाऊन आलो. सफवतने आपला वाटा बहिणीच्या नावावर केला. गाडी राहिली! सगळं माझ्या धोरणामुळे.
एक अट आहे. गाडी मी चालवायची नाही. सफवत म्हणाला, या वयात, असा प्रसंग होऊन गेल्यावर, मला कुवेतमध्ये झोप लागणार नाही. किल्ली त्याने इहसानच्या हातात दिली.
मी इहसानकडे बघितलं. आमच्या घरात दोनच माणसांना नक्की माहीत आहे की गाडी धडकली नव्हती, मी आणि ती. तिने एवढंच सांगायचं होतं. तिने किल्ली पर्समध्ये टाकली, चेन लावली आणि म्हणाली, दादा, तू काळजी करू नकोस, मी लक्ष ठेवीन.

१८ ऑगस्ट.
सफवत गेला. शहाताने चंदेरी कागदाचा थर लावला. क्लिपांसकट पंधरा मिनिटं लागली. मी बघितलं नाही. ऐकलं.
इहसान ड्रायव्हिंग शिकते आहे. बर्सूम शिकवतो. मी शिकवतो म्हटलं तर म्हणाली, तुमच्या मनावर परिणाम झालाय ना, दादा म्हणाला तसा, ते नको.

२१ ऑगस्ट. सकाळी दहा.
उद्यापासून रोजे, म्हणून सामान आणायला तिघं निघालो. इहसान स्टिअरिंगवर. पुढे बर्सूम, कारण शिकवणारा पुढे बसतो. मी मागे, पिशव्यांबरोबर. ती बरी चालवते. बर्सूम प्रत्येक चौकात म्हणतो, स्टेशन आलं, हळू. ती हळू करते.
तल्खाच्या पुलाजवळ तिने गाडी अगदीच सावकाश केली. बर्सूमने टोपी काढली. आरशातून माझ्याकडे बघत ती म्हणाली, इथेच ना हो, हनानचे बाबा?
म्हटलं, इथे नाही. थोडं पुढे, वळणावर.